भिकन आबांचे दोन पुरावे

भिकन आबा परदेशातल्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न विचारतात तो हा: "तुमच्या गावाला यायचं झालं तर कोणत्या जंक्शनला उतरावं लागतं?"

गिऱ्हाईक बेल्जियमचं असो नाहीतर पोर्तुगालचं. आबा त्याच्याकडे जाणार असतात अशातला भाग नाही. नाशिकला जायचं म्हटलं तरी हा माणूस आठवडाभर पिशवी भरतो, रिकामी करतो आणि शेवटी "पुढला महिनामा देखसू" म्हणून घरीच राहतो. पण माणसाचं जंक्शन कळलं की तो निम्मा ओळखीचा झाला, असं आबांचं ठाम मत आहे. आबांचं मत ठाम नाही असा विषय मला अजून सापडलेला नाही.

आबा माझे शेजारी. जळगावात आमची घरं लागूनच आहेत, मधे कमरेएवढी कंपाउंडची भिंत. त्यांचं मूळ गाव एरंडोल तालुक्यातलं आणि नोकरी धुळ्याकडच्या एका तंत्रशाळेत झाली. तिथे त्यांनी पोरांना सुतारकाम शिकवलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण कानावरची पेन्सिल काही निवृत्त झाली नाही. आंघोळ, मग गंध, मग कानावर पेन्सिल, हा क्रम चुकत नाही. सकाळी फिरायला निघाले की माझ्या फाटकापाशी थांबतात, एक डोळा मिटतात आणि सांगतात, "संजू, तुनं गेट दोन सूत तिरपं शे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे ऐकून ऐकून मी एकदा वेल्डर बोलावला आणि फाटक उतरवून पुन्हा नीट बसवून घेतलं. दुसऱ्या दिवशी आबा थांबले, डोळा मिटला, बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "आते भिंत तिरपी दिसस."

मी कर सल्लागार आहे. म्हणजे लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरतो आणि त्यांनी वर्षभर पिशवीत कोंबलेल्या पावत्या सरळ करतो. माझ्याकडे केळीचे व्यापारी येतात, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे दुकानदार येतात. या सगळ्यांनी मिळून मला जितका त्रास दिला नसेल तितका कंपाउंडच्या पलीकडून एकट्या आबांनी दिला आहे, आणि त्याची फी म्हणून आजवर मला एक पाट आणि एक पोळपाट मिळाला आहे. पोळपाट उत्तम आहे, हे मान्य केलं पाहिजे.

आबांचा धंदा काय, ते सांगतो. पूर्वी आमच्या खान्देशात दमणी असायची. बैलांची हलकी, छोटी गाडी, वर टप. घरातल्या बाया माहेरी-सासरी जायच्या त्या दमणीतून. आता दमणी कुठे दिसत नाही. आबांनी निवृत्तीनंतर तिच्या लाकडी प्रतिकृतीचे नकाशे काढले, टीपॉयवर मावेल एवढ्या दमणीचे. प्रत्येक आरा, प्रत्येक खुंटी, जूसुद्धा मापासकट. त्यांचा मुलगा नितीन पुण्याला असतो. तो एका दिवाळीत आला, त्याने ते नकाशे स्कॅन करून इंग्रजी नावं घातली आणि इंटरनेटवर एक छोटं दुकान उघडून दिलं. पैसे भरले की नकाशा डाउनलोड होतो. नितीन दिवाळीनंतर गेला. दुकान राहिलं.

जळगावातून एकही नकाशा विकला गेला नाही. पण युरोपात अशी माणसं पुष्कळ आहेत हे आम्हाला तेव्हा कळलं. नोकरी संपलेली, घरामागे एक खोपट, खोपटात हत्यारं, आणि हातांना काम हवं. कोणी हातभर लांबीची जहाजं बनवतो, कोणी गलबतं. त्यातल्या काहींना जहाजांचा कंटाळा आला असावा. त्यांनी दमणी घेतली.

पहिली विक्री झाली त्या दिवशी आबा नकाशाची मूळ घडी हातात घेऊन माझ्याकडे आले. फार अस्वस्थ होते.

"संजू, तो माणूस पैसा दी गया. कागद ते मनाकडेच शे. मग मी इकं काय?"

मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि त्या माणसाला टपालाने एक खरा कागदही पाठवून दिला. टपालखर्च विक्रीच्या किमतीहून जास्त झाला. "पैसा लिना, मग हातमा काही ते देवाले पाहिजे ना," म्हणाले.

आबांना दोन गोष्टींचा तिटकारा आहे. पहिली म्हणजे दलाल. त्यांच्या वडिलांच्या कापसाला मधल्या माणसाने कधी नीट भाव येऊ दिला नाही, त्याचा राग आबांनी जपून ठेवला आहे आणि तो सगळ्या जगावर थोडा थोडा काढतात. केळी हवी असली तर एसटीने रावेरकडे जातात आणि शेतातून घड घेऊन येतात. भाड्यात इथे त्यापेक्षा मोठा घड आला असता. त्यांनी स्वतःचं लग्नही मध्यस्थाशिवाय जमवलं म्हणे. सायकलवर मुलीच्या गावी गेले, ओट्यावर बसले आणि तिच्या वडिलांना म्हणाले, "मी भिकन. मन्ही चौकशी मीच लई येल शे." काकू हा किस्सा सांगायच्या तेव्हा पदर तोंडाला लावून हसायच्या. काकूंना जाऊन आता काही वर्षं झाली.

दुसरा तिटकारा बिनकामाच्या बोलण्याचा. फोन उचलला की आबा "हॅलो" म्हणत नाहीत. "काम बोल," म्हणतात. रविवारी नितीनचा फोन येतो. भिंतीच्या अलीकडे मला त्यांचाच आवाज ऐकू येतो. "काम बोल... काही काम नही? बरं शे ना मग. ठेव." एवढाच संवाद. मग आबा फोन हातात धरून थोडा वेळ तसेच उभे असतात आणि एखादी सरळ फळी उगाच रंधून आणखी सरळ करतात.

असं सगळं सुखाने चाललं होतं. मग बेल्जियमच्या एका गिऱ्हाइकाने, मार्सेल त्याचं नाव, अगदी साधा प्रश्न लिहून पाठवला. पावतीवर कर का दिसत नाही?

आबांनी कंपाउंडवरून हाक मारली. मी चहाचा कप घेऊनच गेलो.

"आबा," मी म्हणालो, "तुमचा धंदा इतका बारीक आहे की आपला जीएसटी तुमच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. पण युरोपात तसं नाही. तिथल्या माणसाने घरबसल्या अशी डाउनलोडची वस्तू घेतली, की तिच्यावर त्याच्या देशाचा कर लागतो. विकणारा युरोपाबाहेरचा असला तर पहिल्याच विक्रीपासून. लहान आहे म्हणून सूट नाही."

असं सांगितलं की माझी बाकीची गिऱ्हाइकं आधी सरकारला आणि मग मला शिव्या घालतात. आबांनी पेन्सिल कानावरून काढली, विचार केला आणि म्हणाले, "म्हंजे पोर आपली, पन नांदाले गयी तठला रिवाज."

"अगदी तसंच."

"मग बरोबरच शे. आपुन भरसूत."

मी हादरलो. माझ्या आयुष्यात कर बरोबर आहे म्हणणारं हे पहिलं गिऱ्हाईक. मी घाईघाईने त्यांना सोप्या वाटा दाखवल्या. एक, युरोपला विकणंच बंद करायचं. तुमच्यासारखे लहान विक्रेते बरेचदा तेच करतात, यादीतून ते देश काढून टाकतात. "गिऱ्हाईक ओटावर उभं शे आनि दार लाई लेवानं?" आबांनी ती वाट बंद केली. दोन, परदेशी कंपन्या असतात. त्या तुमच्या वतीने विकतात, ज्या त्या देशाचा कर भरतात आणि आपला हिस्सा कापून उरलेलं तुम्हाला देतात.

"म्हंजे दलाल," आबा म्हणाले. तीही वाट बंद झाली.

राहिली तिसरी वाट, स्वतः नोंदणी करायची. युरोपातल्या एका देशात नाव नोंदवलं की तिथूनच सगळ्या देशांचा कर दर तीन महिन्यांनी भरता येतो. देश आपण निवडायचा. इंग्रजी चालतं म्हणून मी आयर्लंड सुचवला.

"तठला लोक कसा शेतस?"

"आबा, आपल्याला तिथे मुलगी द्यायची नाहीये."

नोंदणी झाली. माझ्या सगळ्या केळीवाल्यांच्या रिटर्नला मिळून जेवढं डोकं लागत नाही, तेवढं आबांच्या एका रिटर्नला लागायला लागलं. प्रत्येक देशाचा दर निराळा. पोर्तुगालला एक, जर्मनीला दुसरा, बेल्जियमला तिसरा. भरायचा कर सगळा मिळून भरीत-पुरीच्या एका ताटाएवढा. माझी बायको वैशाली म्हणाली, त्यापेक्षा त्या देशांना जेवायलाच बोलवा.

आणि मग मी एक वाक्य बोललो, ज्याचे परिणाम मी अजून भोगतो आहे. मी म्हणालो, "आबा, गिऱ्हाईक खरंच त्या देशात राहतं याचे दोन पुरावे आपल्याकडे असावे लागतात."

मला म्हणायचं होतं ते साधं होतं. त्याच्या कार्डाची बँक कोणत्या देशातली आणि त्याचं इंटरनेट कोणत्या देशातून चालतं, या दोन गोष्टी दुकान आपोआप टिपून ठेवतं. कोणाला काही विचारावं लागत नाही. हे मी सांगितलं नाही, कारण तेवढ्यात मला ऑफिसातून फोन आला.

माणूस कुठला, कसा, खरा की खोटा, हे तपासायची आमच्याकडे एकच पद्धत आहे. सोयरिकीची. स्थळ आलं की घरातला जाणता माणूस त्या गावी जातो, पारावर बसतो, चार जणांना विचारतो. आबांनी तेच केलं. फक्त पार नव्हता म्हणून पत्रं लिहिली. मराठीत लिहायची, मग फोनकडून त्याचं इंग्रजी करून घ्यायचं. तीन महिने झाल्यावर मी रिटर्न भरायला बसलो तेव्हा आबांनी मला ती दाखवली. मार्सेलला लिहिलेलं असं होतं:

"श्री. मार्सेलभाऊ यांस भिकन यांचा नमस्कार. कराच्या कामासाठी तुमच्या राहत्या जागेचे दोन पुरावे लागतात. तरी तुमच्या गावाला यायचं तर जंक्शन कोणतं, गाव नदीकाठी की माळावर, घरात माणसं किती, आणि गावात शिरल्यावर कोणाला विचारलं तर तो तुमचं घर दाखवील, त्याचं नाव कळवावं. डावं चाक जोडताना घाई करू नये."

मी कपाळाला हात लावला. "आबा, असं विचारायचं नसतं! तिकडे खाजगी माहितीचे कडक कायदे आहेत!"

"मी काय त्यासना पगार इचारा का?"

"बँकेवरून कळतं सगळं!"

"बँकले काय समजस? आपली बँकनी मले दोन वर्स मयत दखाडं व्हतं. मी जाईसन समोर उभा ऱ्हायनू, तरी म्हने दाखला आना."

मी रिटर्नचे कागद पुढे ओढले. आणि खरा धक्का पुढेच होता. सगळ्यांची उत्तरं आली होती.

एका जर्मन माणसाने जंक्शनच्या नावाबरोबर गाड्यांचं वेळापत्रक पाठवलं होतं आणि कोणती गाडी हमखास उशिरा येते तेही लिहिलं होतं. पोर्तुगालच्या एका बाईंनी घरात माणसं किती, याचं उत्तर 'मी आणि एक म्हातारी शेळी' असं दिलं होतं. शेळीचा फोटो जोडला होता. मार्सेल टपाल खात्यातून निवृत्त झालेला. त्याने लिहिलं होतं, आयुष्यभर मी गावातल्या सगळ्यांची घरं लोकांना दाखवली, पण माझं घर कोण दाखवील ते सांगता येत नाही. एका बाजूला शेत आहे. दुसऱ्या बाजूला जॉर्ज राहतो. त्याने कुंपणाची झुडपं माझ्या बाजूने जास्त छाटली, त्यावरून आम्ही बोलत नाही.

आबा या उत्तरावर अडून बसले. शेजारी साक्ष देत नाही म्हणजे पुरावा एकच. त्यांनी मार्सेलला लिहिलं की दोरी घ्या, दोन्ही टोकांना खुंट्या ठोका, आणि कुंपण मोजा. भांडण झुडपाचं नसतं, मापाचं असतं. मोजताना दोरीचं दुसरं टोक जॉर्जच्या हातात द्या, एकट्याने माप घेता येत नाही. त्या वेळेपुरता रिटर्न मी कसाबसा भरून टाकला.

पुढे असंही ठरून गेलं की पुरावा दर तीन महिन्यांनी नवा लागतो. हे कायद्यात नाही, हे आबांच्या डोक्यात आहे. "मागला येळले तो तठे राहे, आते राहस कशावरून?" त्यामुळे नवी खरेदी असो नसो, तिमाही संपत आली की आबांची पत्रं सुटायची आणि उत्तरं यायची. जर्मन माणसाचा गुडघा बदलला. शेळी आजारी पडली, बरी झाली. आबा कंपाउंडवर हात टेकून मला हे सगळं 'पुराव्याचं काम' म्हणून सांगायचे, आणि मी "बरं, बरं" करत चप्पल शोधायचो.

मग व्हायचं तेच झालं. एका तिमाहीला मार्सेलचं उत्तर लवकर येईना, आणि आबा मला रिटर्न भरू देईनात. जॉर्जची साक्ष नसताना मी खोटा कागद देणार नाही, म्हणाले. मुदत गेली. त्याच्या पुढच्या तिमाहीलाही तसंच झालं. मग आयर्लंडच्या कर कार्यालयाकडून रीतसर ताकीद आली. असा उशीर पुन्हा पुन्हा झाला तर या सोयीतून नाव काढलं जाईल आणि मोठा काळ परत घेतलं जाणार नाही. म्हणजे आबांचं युरोपातलं दुकान बंद.

त्या दिवशी मी चिडलो. ताकीद घेऊनच त्यांच्याकडे गेलो. आबा अंगणात चाकाचा आरा तासत होते.

"आबा, आता पुरे. उद्यापासून विक्री त्या कंपनीकडून. ती कर भरील, ती पुरावे ठेवील, ती देश बघील. तुम्हाला फक्त किती नकाशे गेले तेवढं कळेल. नाहीतर दुकान मिटवा."

मला वाटलं आता दलालांवरचं व्याख्यान सुरू होईल. आबांनी नुसती तासणी खाली ठेवली.

"तो दलाल पुरावा इचारी त्यासले?"

"विचारायची गरज नाही. यंत्र बघतं."

"मंग मी कायले लागू?"

"तुम्हाला काहीच करायचं नाही. आरामात बसा."

आबांनी मांडीवरचा भुसा झटकला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मंग मी त्यासले पत्र काय म्हनीसन लिखू?"

मी तिथेच उभा राहिलो. इतके दिवस मला वाटत होतं की हा म्हातारा कराच्या नियमापायी पत्रं लिहितो. हा माणूस जन्मभर कोणाशी कामाशिवाय शब्द बोलला नव्हता, पोटच्या पोराशीही नाही. काकू होत्या तोवर बोलायला त्या होत्या, आणि त्यांच्याशी बोलायला काम लागत नव्हतं. त्या गेल्यावर त्याला लोकांची ख्यालीखुशाली विचारायला कायद्याने परवानगी दिली, आणि मी ती काढून घ्यायला निघालो होतो. मला फार वाईट वाटलं.

"सहज लिहा ना," मी म्हणालो. "मित्र झालेत ते तुमचे."

"सहज?" आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी त्यांना नाचायला सांगितलं. "सोयरा नही, गावकरी नही. काम नही, काज नही. सहज लिखाले मी कोन शे त्यासना?"

दुकान वाचवायचं तर दुसरा उपाय नव्हता. मी कंपनीचे फॉर्म भरले, आबांनी सह्या केल्या. भांडले नाहीत, हेच मला जास्त लागलं. विक्री नीट चालू राहिली. उलट थोडी वाढलीच. महिन्याच्या शेवटी एक हिशेब यायचा, बेल्जियम एक, जर्मनी दोन. माणूस कोण, जंक्शन कोणतं, शेळी आहे की नाही, काही नाही.

आबा सकाळी फिरायला निघायचे आणि माझ्या फाटकापाशी न थांबता पुढे जायचे. मी एकदा मुद्दाम बाहेर येऊन म्हणालो, "आबा, गेट बघा हो, पुन्हा तिरपं झालं वाटतं." ते म्हणाले, "चालस," आणि गेले. वैशालीने त्यांना कोपऱ्यावरच्या गाडीवरून भाव न विचारता केळी घेताना पाहिलं. घरी येऊन ती मला म्हणाली, "काहीतरी करा. आबा बरे नाहीत." मी नितीनला फोन केला. तो म्हणाला, "काका, मी दर रविवारी करतो. ते विचारतात काम काय, मग मी काय बोलू?" बापलेक एका मापाचे.

तिमाही संपून पंधरवडा उलटला असेल. संध्याकाळी मी ऑफिसातून आलो तर आबा कंपाउंडपाशी उभे होते. हातात फोन. चष्मा कपाळावर.

"संजू, हाई वाच. फोन मराठीमा वाचस पन मना इस्वास बसत नही."

मार्सेलचं पत्र होतं. फोनने त्याचं जरा ताठ मराठी केलं होतं, पण समजत होतं. मी मोठ्याने वाचलं.

"प्रिय श्री. भिकन, या वेळी तुम्ही पुरावे मागितले नाहीत. कर रद्द झाला की तुमची प्रकृती बिघडली, मला कळेना. मी वाट पाहिली. कर असो वा नसो, मी अजून इथेच राहतो. पहिला पुरावा म्हणून विजेचं बिल जोडलं आहे. दुसऱ्या पुराव्यासाठी उशीर लागत होता, त्याबद्दल क्षमस्व. आम्ही कुंपण मोजलं. चूक माझी निघाली. जॉर्ज साक्ष द्यायला तयार आहे."

खाली फोटो होता. मागे छाटलेली झुडपं, पुढे दोन म्हातारे. एक उंच, एक बुटका, मधे टेबलावर दमणी. बुटक्याने बोट मार्सेलकडे केलं होतं. हा इथे राहतो, असं दाखवत.

आबा हसले. कित्येक आठवड्यांनी हसले. "डावं चाक बराबर बसाडं त्यानी," म्हणाले.

"अजून आहे," मी म्हणालो आणि पुढे वाचलं. "आता तुमची पाळी. मी इतके दिवस एका माणसाला माझी सगळी माहिती देतो आहे आणि तो तिथे राहतो याचा माझ्याकडे एकही पुरावा नाही. जॉर्जला शंका आहे. तुमच्या गावात शिरल्यावर कोणाला विचारलं तर ते तुमचं घर दाखवतील? दोन नावं कळवावीत."

आबांचा चेहरा एकदम कामाला लागला. त्यांनी तिथेच कंपाउंडवर फोन ठेवला, पेन्सिल काढली, वर्तमानपत्राची कोरी कड फाडून घेतली. "एक ते तू," म्हणाले आणि माझं नाव लिहिलं.

मग पेन्सिल थांबली.

"दुसरं..." त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. "समोरना नाना ते पोराकडे सुरतले गयात. मास्तर गयात मागला वरीसले." मग स्वतःच्या ओट्याकडे वळून पाहिलं. "ती ऱ्हाती ते तिनं नाव लिखतू."

काकू त्या ओट्यावर बसायच्या.

आबांनी कागदाची घडी घातली, उघडली. मग अगदी हळू, एखादी सवलत मागावी तसं विचारलं, "संजू, एक पुरावावर भागत नही का रे? म्हातारा मानूसले काही सूट?"

"नाही भागत आबा," मी म्हणालो. आवाज जरा चढाच लागला, नाहीतर लागलाच नसता. "दोन म्हणजे दोन. वैशालीचं लिहा."

"वैशाली कायले? तिले काय माहीत मनं?"

"तिला सगळं माहीत आहे. रोज सकाळी चहा टाकायच्या आधी ती खिडकीतून तुमचा ओट्यावरचा दिवा बघते. दिवा लागला असला तर गॅस पेटवते. मागे तुम्ही धुळ्याला लग्नाला गेलात आणि आम्हाला सांगितलं नाही, तेव्हा दिवा लागला नाही म्हणून मला झोपेतून उठवून तिने भिंतीवरून उडी मारायला लावली होती. माझा गुडघा सुजला होता, आठवतंय? मी तुम्हाला जिन्यावरून पडलो सांगितलं."

आबा माझ्याकडे बघत राहिले. चष्मा कपाळावर होता म्हणून डोळे सरळ दिसत होते, आणि ते भरले होते.

"रोज देखस?"

"रोज."

"काबर पन? तिनं काय काम?"

"काही काम नाही आबा. सहज."

आबांनी चष्मा खाली ओढला, कागद सरळ केला आणि पेन्सिलीला थुंकी लावली. मग बराच वेळ एक एक अक्षर जपून काढत त्यांनी दुसरं नाव लिहिलं.